रुग्णाला इजा झाली नाही, तरी नोंद कुठे करावी? भूल देतानाच्या टळलेल्या घटनांविषयी

प्रश्न : स्वतंत्र भूलतज्ज्ञ, नागपूर

नमस्कार. मी कोणत्याही एका रुग्णालयाच्या पगारावर नाही. धंतोली, रामदासपेठ आणि सदर भागांतील लहान रुग्णालयांत बोलावणे येईल तशी भूल देण्यासाठी जाते, आणि अधूनमधून उमरेड किंवा काटोललाही जावे लागते. काही दिवसांपूर्वी अशाच एका रुग्णालयात सिझेरियनसाठी स्पायनलची (कमरेत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करणाऱ्या भुलीची) तयारी चालू असताना, ट्रेमध्ये बुपिव्हॅकेन हेवी या बधिर करणाऱ्या औषधाच्या जागी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड या रक्तस्राव थांबवणाऱ्या औषधाची अँप्यूल (छोटी कुपी) ठेवलेली मला दिसली. दोन्ही अँप्यूल काचेच्या आणि दोन्हींवरची छपाई जवळपास एकाच रंगाची होती. एक चार मिलीची आणि दुसरी पाच मिलीची असते, पण हा फरक दोन्ही शेजारी ठेवल्याखेरीज डोळ्यांना जाणवत नाही. औषध सिरिंजमध्ये ओढण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचण्याची माझी सवय असल्यामुळे ती अँप्यूल तेथेच बाजूला झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी गेली.

शस्त्रक्रियेनंतर मी हे रुग्णालयाच्या प्रमुखांच्या कानावर घातले, तेव्हा "काही झाले नाही ना, मग विषय वाढवू नका" असे उत्तर मिळाले. ट्रे भरणाऱ्या टेक्निशियनला मात्र सर्वांसमोर बोलणी बसली, आणि ते मला अधिकच खटकले. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रेसमोर दुसरे भूलतज्ज्ञ उभे राहिले असतील, आणि त्यांना यातले काहीही ठाऊक नसेल.

अशा घटनेची नोंद कुठे करावी, तीत नेमके काय लिहावे, आणि असा कागद उद्या माझ्या किंवा त्या टेक्निशियनच्या विरोधात वापरला जाऊ शकतो का, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ : निवृत्त प्राध्यापक, भूलशास्त्र

डॉक्टर, आपण जिला टळलेली घटना म्हणता ती किती मोठी होती, हे आधी सांगतो, कारण रुग्णालयाच्या प्रमुखांना ते कदाचित माहीत नसावे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गेले, तर मज्जासंस्थेला शांत ठेवणाऱ्या गाबा आणि ग्लायसिन या रसायनांचे काम ते अडवते. पाय बधिर होण्याऐवजी काही मिनिटांतच पाठीत, नितंबांत आणि पायांत असह्य वेदना सुरू होतात, स्नायू उडू लागतात, पुढे सर्वांगाला झटके येतात आणि हृदयाची लय बिघडते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वैद्यकीय साहित्यातून अशी २१ प्रकरणे एकत्र केली होती. त्यांपैकी १० रुग्ण दगावले. मार्च २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने केवळ या एका चुकीसाठी स्वतंत्र इशारा काढला, आणि हे औषध भूल देण्याच्या औषधांपासून दूर ठेवावे असे त्यात बजावले. म्हणजे नागपुरातल्या एका ट्रेमध्ये आपण जे पाहिले, ते जगभर अनेक ठिकाणी घडून गेलेले आहे.

हे आताच का वाढले, याचेही कारण सांगता येते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात हे औषध तीन तासांच्या आत शिरेतून दिल्यास रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१७ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसले आणि त्यानंतर ते प्रत्येक प्रसूतिगृहात पोहोचले. औषध उत्तमच आहे. मात्र ते सिझेरियनच्या खोलीत नेमके स्पायनलच्या औषधाशेजारी येऊन बसले, आणि एका ठिकाणी सुरक्षितता वाढवणाऱ्या बदलाने दुसऱ्या ठिकाणी नवी फट निर्माण केली. अशा फटी पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत. काम करणाऱ्याच्या नोंदीतूनच त्या कळतात.

आपल्या शाखेत ही पद्धत नवी नाही. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी वैमानिकांवरच्या अभ्यासातून जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाने गंभीर घटनांची तपशीलवार वर्णने गोळा करण्याचे तंत्र बसवले आणि १९५४ मध्ये ते प्रसिद्ध केले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेफ्री कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच तंत्र भूलशास्त्रात आणले. कूपर हे डॉक्टर नव्हते, अभियंते होते, आणि मला वाटते म्हणूनच त्यांनी माणसांना दोष देण्याऐवजी मांडणी तपासली. १९७८ च्या त्यांच्या निबंधात टाळता येण्याजोग्या ३५९ घटना आहेत. त्यांतील ८२ टक्के घटनांत मानवी चूक होती आणि यंत्रातला उघड बिघाड केवळ १४ टक्के घटनांत होता. हे आकडे वाचून कोणी म्हणेल की माणसेच निष्काळजी आहेत. पण श्वासनळीला जोडलेले सर्किट (भूलयंत्राच्या नळ्यांची जोडणी) सुटणे, वायूचा प्रवाह नकळत बदलणे आणि सिरिंजची अदलाबदल, याच चुका वेगवेगळ्या लोकांकडून पुन्हा पुन्हा होत होत्या. एकच चूक अनेक चांगली माणसे करत असतील, तर दोष मांडणीत शोधावा लागतो. पुढे १९८६ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांनी भूल देताना रुग्णावर कशी नजर ठेवावी याची किमान मानके ठरवली, आणि १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात देशपातळीवर निनावी नोंदी सुरू झाल्या. त्यांच्या पहिल्या दोन हजार नोंदींचे विश्लेषण १९९३ मध्ये आले. यंत्रांनी आधी हेरलेल्या घटनांत पल्स ऑक्सिमीटर (रक्तातील ऑक्सिजन दाखवणारे यंत्र) आणि कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र) आघाडीवर होते, हे त्यातून दिसले. आज कॅप्नोग्राफ मागितल्यावर एखादे व्यवस्थापक खर्चाचे कारण पुढे करतात, तेव्हा मी त्यांना हाच अभ्यास सांगतो.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. नोंद लिहिताना "टेक्निशियनने चुकीचे औषध ठेवले" या वाक्यावर थांबू नये. त्या महिन्यात कोणत्या कंपनीचे औषध आले होते, अँप्यूल खोक्यातून काढून सुट्या कोणी आणि का ठेवल्या, ट्रे कोणत्या पाळीत आणि कोणत्या उजेडात भरला गेला, भरणाऱ्याच्या हाती त्या वेळी आणखी कोणती कामे होती, आणि शेवटी चूक कशामुळे सापडली, हे लिहावे. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. नाव मोठ्याने वाचण्याच्या आपल्या सवयीने रुग्ण वाचला, हेही नोंदीत आले पाहिजे, कारण दुसऱ्याला उचलता येईल असा भाग तोच आहे.

नोंद कुठे करावी याचे समाधानकारक उत्तर देशाच्या पातळीवर मला देता येत नाही. औषधाच्या दुष्परिणामांसाठी आणि वैद्यकीय उपकरणांतील बिघाडांसाठी गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे अनुक्रमे २०१० आणि २०१५ मध्ये सुरू झालेले दोन कार्यक्रम आहेत, आणि १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक आहे. व्हेंटिलेटरचा झडपदोष किंवा इन्फ्यूजन पंपाचा बिघाड तेथे जरूर कळवावा. एनएबीएच (रुग्णालयांचा दर्जा तपासणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या रुग्णालयात घटना-नोंदीची व्यवस्था असावी लागते. आपली अडचण निराळी आहे. आपण एका रुग्णालयाच्या नाहीत, आणि लहान रुग्णालयांत बहुधा अशी व्यवस्थाच नसते.

उत्तर २ : ओटी (शस्त्रक्रियागृह) इन्चार्ज सिस्टर

मॅडम, टेक्निशियनला सर्वांसमोर बोलणी बसली हे आपल्याला खटकले, हे वाचून बरे वाटले. माझ्या नोकरीत मी घटना-नोंदीचे फॉर्म पाहिलेले आहेत. ते डॉक्टर भरतात आणि मेमो आम्हाला मिळतो. असे एकदा झाले की पुढच्या वेळी कोणीही तोंड उघडत नाही, आणि फॉर्मची फाइल कोरी दिसते म्हणून तपासणीच्या वेळी कौतुकही होते.

ट्रे सकाळी सातच्या आधी भरला जातो, आणि बऱ्याचदा तो रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या माणसाने भरलेला असतो. जागा वाचावी म्हणून अँप्यूल खोक्यातून काढून प्लास्टिकच्या कप्प्यांत टाकतात, आणि कप्प्यावर पट्टी असते ती मागच्या वर्षीच्या औषधाची. आमच्याकडे आम्ही स्पायनलचा डबा वेगळा केला असून त्यात बुपिव्हॅकेन हेवीशिवाय दुसरी एकही अँप्यूल ठेवत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड भुलीच्या ट्रॉलीवर ठेवायचेच नाही, ते फिरत्या सिस्टरच्या कपाटात राहील आणि बाळ बाहेर आल्यावर मागितले तरच फोडले जाईल, असे ठरवले. यासाठी एक डबा आणि एक चिकटपट्टी एवढाच खर्च आला. पण ही युक्ती शेजारच्या रुग्णालयाला कशी कळणार? आमच्या भेटी लग्नकार्यातच होतात, आणि तेथे कोणी अँप्यूलविषयी बोलत नाही.

एक विनंती आहे. नोंदीचा कागद मराठीत असावा आणि तो भरण्याचा हक्क वॉर्डबॉयपर्यंत सर्वांना असावा. ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा होत आला आहे, हे पुष्कळदा त्यालाच आधी कळते.

उत्तर ३ : शल्यचिकित्सक, रामदासपेठ

माझे स्वतःचे वीस खाटांचे रुग्णालय आहे, तेव्हा दुसरी बाजूही मांडतो. आम्हाला रुग्णांच्या सुरक्षेचे वावडे नाही. परंतु "आमच्या येथे चुकीचे औषध ट्रेमध्ये होते" असे लिहिलेला कागद फाइलमध्ये असणे म्हणजे काय, हे जिल्हा ग्राहक आयोगात उभे राहिलेल्या माणसालाच कळते. मोठ्या रुग्णालयाकडे वकिलांचा ताफा असतो. माझ्याकडे माझी पत्नी हिशेब पाहते.

अँप्यूलच्या बाबतीत खरे मूळ खरेदीत आहे. वितरकाकडे ज्या कंपनीचा माल असेल तो येतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी छपाई बदलते. मागच्या वेळी सहज ओळखू येणाऱ्या दोन अँप्यूल या वेळी जुळ्या बहिणी निघतात. नवा माल आल्यावर तो जुन्या औषधांशेजारी ठेवून एकदा पाहावा आणि सारखा दिसत असेल तर परत करावा, एवढे मी उद्यापासून करू शकतो. कागदाबद्दल मात्र मला खात्री हवी.

उत्तर ४ : स्वतंत्र भूलतज्ज्ञ, कामठी मार्ग

मी मॅडमसारखाच फिरता आहे आणि या प्रश्नाला आणखी एक उदाहरण जोडतो. एका उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे असताना, एका रुग्णालयात स्कोलिन या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा परिणाम अपुरा येत होता आणि श्वासनळीत नळी घालताना रुग्ण पुरेसा शिथिल होत नव्हता. तेथे जाणाऱ्या आम्हा चौघांपैकी प्रत्येकाने आपापल्या मनाशी कारण लावले. कोणाला मात्रा कमी पडली असे वाटले, तर कोणाला सुई शिरेबाहेर गेली असावी असे वाटले. पुढे भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या एका सभेनंतर चहा पिताना सहज विषय निघाला, तेव्हा आम्ही चौघेही एकाच जागेविषयी बोलत आहोत हे लक्षात आले. चौकशी केली असता, ओटीचा फ्रिज ज्या बोर्डावर होता तो बोर्ड काम संपल्यावर रात्रभर बंद केला जात असल्याचे निघाले. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवायचे असते. थोडे दिवस सामान्य तापमानाला ते टिकते, पण नागपूरच्या मे महिन्यातली बंद खोली सामान्य तापमानात मोडत नाही.

चारपैकी एकाही घटनेत रुग्णाला इजा झाली नव्हती, त्यामुळे मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या कोणत्याही सभेत हा विषय कधीच आला नसता. प्रत्येक रुग्णालयाने स्वतःपुरती वही ठेवली असती तरी या नोंदी झाल्या नसत्या, कारण आमच्यापैकी कोणीही त्या रुग्णालयाचा कर्मचारी नव्हता. म्हणून मला वाटते की आपल्यासारख्या फिरत्या भूलतज्ज्ञांसाठी नोंद शहराच्या पातळीवर हवी. धोका रुग्णालयाच्या कपाटात राहतो, आणि तो पाहणारी माणसे संध्याकाळपर्यंत दुसऱ्या गावी गेलेली असतात.

उत्तर ५ : वकील, वैद्यकीय दावे

तिसरा प्रश्न माझ्या क्षेत्रातील आहे आणि शल्यचिकित्सक डॉक्टरांची शंकाही रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अमेरिकेत २००५ च्या एका कायद्याने आणि डेन्मार्कमध्ये २००४ पासून, सुरक्षिततेसाठी केलेल्या अशा नोंदींना संरक्षण दिलेले आहे. आपल्याकडे तसे स्वतंत्र कायदेशीर कवच नाही. त्यामुळे नोंद "गोपनीय" असा शिक्का मारून ठेवली म्हणजे ती न्यायालयात मागवली जाणार नाही, असे मी कोणालाही सांगणार नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाबतीत माहिती अधिकाराचाही विचार करावा लागतो.

तरीही भीती वास्तवापेक्षा मोठी आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल डॉक्टरांना नावाने ठाऊक असतो, पण त्यामागची घटना फारशी ठाऊक नसते. लुधियानातील एका रुग्णालयात श्वास घेण्यास त्रास होत असलेल्या रुग्णासाठी आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला होता. म्हणजे ज्या निकालाने डॉक्टरांवरील फौजदारी कारवाईची चौकट आखली, त्याच्या मुळाशी तुमच्या चर्चेतलाच विषय आहे. फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा अत्यंत गंभीर स्वरूपाचा असावा लागतो असे न्यायालयाने म्हटले. सिलिंडर उपलब्ध नसणे किंवा रिकामा ठेवला जाणे ही रुग्णालयाची चूक असू शकेल आणि तिची दिवाणी जबाबदारी येऊ शकेल, पण तेवढ्यावरून त्या डॉक्टरांवर फौजदारी खटला चालवता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. मानवी चुकीचे स्वरूप समजून घेण्यासाठी न्यायालयाने ज्या लेखकद्वयाचा विस्ताराने आधार घेतला, त्यांपैकी ॲलन मेरी हे न्यूझीलंडचे भूलतज्ज्ञ आहेत. आता भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आले आहे, आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या हातून उपचार करताना निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद त्यात वेगळी नमूद आहे.

व्यवहारात पुढील भेद कटाक्षाने पाळावा. रुग्णाच्या बाबतीत जे घडले, जे औषध दिले गेले, जी लक्षणे दिसली आणि जे उपचार केले, ते वेळेसह रुग्णाच्या केसपेपरमध्येच लिहिले गेले पाहिजे. तो कागद मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला मिळण्याचा नियम आहे, आणि त्यात मागाहून खाडाखोड करणे ही मूळ चुकीपेक्षा घातक गोष्ट ठरते. इजा झाली असेल तर नातेवाइकांना स्पष्ट सांगणे हेही तुमचे कर्तव्य आहे. निनावी नोंद हा त्याला पर्याय नाही. मॅडमच्या प्रकरणात मात्र रुग्णाला काहीच दिले गेले नाही, त्यामुळे दावा उभा राहण्यासाठी लागणारी इजाच नाही. अशा टळलेल्या घटनेच्या नोंदीत रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, रुग्णालय आणि तारीख यांची गरजच नसते. "एका लहान रुग्णालयात, सिझेरियनच्या वेळी" एवढे शिकण्यासाठी पुरते. जे लिहिलेच नाही ते कोणी मागवू शकत नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांची आभारी आहे. वकील साहेबांच्या सूचनेत मला एक अडचण दिसते. आपल्या शहरात धंतोलीत कोणत्या वारी कोण कुठे भूल देते, हे निम्म्या लोकांना तोंडपाठ आहे. तारीख आणि रुग्णालय वगळले तरी शस्त्रक्रियेचा प्रकार आणि औषध वाचून चार जण ओळखतीलच. दुसरे म्हणजे, रुग्णालयाचे नावच नसेल तर कामठी मार्गावरील डॉक्टरांच्या फ्रिजसारखी गोष्ट जुळणार कशी? चार निनावी नोंदी एकाच जागेच्या आहेत हे कोणाला तरी कळायला हवे.

उत्तर १ चे पुढे : निवृत्त प्राध्यापक

आपण नेमक्या गाठीवर बोट ठेवले आहे. विमान वाहतुकीने ती १९७६ मध्ये कशी सोडवली ते पाहा. अमेरिकेत वैमानिकांच्या नोंदी घेण्याचे काम परवाने रद्द करू शकणाऱ्या खात्याकडे न ठेवता नासाकडे दिले गेले. नोंद घेणाऱ्याला लिहिणाऱ्याचे नाव कळते, तो गरज पडल्यास फोन करून तपशील विचारतो, आणि त्यानंतर नावाची पट्टी फाडून परत पाठवतो. नोंद पहिल्या टप्प्यावर निनावी नसते, ती नंतर निनावी केली जाते. घेणाऱ्याच्या हाती शिक्षेचा अधिकार नसल्यामुळे हे शक्य होते.

आपल्याकडे विभागप्रमुख, रुग्णालयाचे मालक किंवा संघटनेचे पदाधिकारी यांपैकी कोणीही हे काम करू नये, कारण त्या प्रत्येकाच्या हाती कोणाचे तरी काम देणे किंवा काढणे असते. माझ्यासारखे दोन निवृत्त भूलतज्ज्ञ आणि एक निवृत्त ओटी सिस्टर पुरेशा आहेत. लिहिणाऱ्याने आम्हाला प्रत्यक्ष किंवा फोनवर सांगावे. जागा आमच्या लक्षात राहील, कागदावर येणार नाही. एकाच जागेविषयी दुसऱ्यांदा ऐकले तर आम्ही त्या मालकांना खासगीत भेटून फ्रिजचा बोर्ड तपासायला सांगू. बाकी सर्वांसाठी तीन-चार महिन्यांच्या घटना एकत्र करून, शस्त्रक्रियेचा प्रकार गरजेपुरता बदलून, दोन पानांचे मराठी पत्रक काढता येईल. घटना लगेच प्रसिद्ध न करता मागे ठेवल्या की ओळख पटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. स्मरणावर जागा ठेवण्याची पद्धत कच्ची आहे हे मला मान्य आहे, आणि नोंदी वाढल्या तर ती टिकणार नाही. पण सुरुवातीला वर्षभर ती चालेल.

उत्तर ३ चे पुढे : शल्यचिकित्सक, रामदासपेठ

सर, मालकाला खासगीत भेटून सांगणार असाल तर माझा आक्षेप मागे घेतो. एक अट मात्र आहे. आमच्या कर्मचाऱ्याने नोंद दिली हे आम्हाला कळले तरी त्याच्यावर कारवाई करणार नाही, असे सहभागी रुग्णालयांनी लेखी द्यावे. आणि दारू पिऊन कामावर येणे किंवा जाणूनबुजून कागद बदलणे याला ही सवलत नसावी, हेही त्यातच लिहावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

मान्य. सिस्टर, पत्रकाच्या पहिल्या अंकात आपल्या स्पायनलच्या डब्याची माहिती देता येईल का? डब्याच्या झाकणावर काय लिहिले आहे, अँप्यूल किती ठेवता आणि रिकामा डबा कोण भरतो, एवढे कळवावे. माझ्याकडील घटना मी सरांना फोनवर सांगते. उमरेड-काटोलकडच्या रुग्णालयांचे काय करायचे हे अजून ठरत नाही, कारण तेथे भूल देणारे आम्ही दोघे-तिघेच आहोत आणि तेथे नाव लपवणे अशक्य आहे. तेथल्या मालकांशी आधी समोरासमोर बोलून, त्यांच्याच नावाने नोंद देता येते का, हे विचारून पाहते.